पंधरा नावांची यादी

अमरावती, १९ जून २०२४

चि. कमलाकांत यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहून पाठवते. तिवस्याची हर्षा दोन वर्षं माझ्याकडे गणिताला येत होती. तिचे आईवडील, ओमप्रकाश आणि पार्बताबाई, मेथी-वांगी आणि झेंडू पिकवतात. पोरगी खो-खो खेळते, विभागाच्या संघात होती. मी स्वतः मैदानावर जाऊन पाहिलं. ती खांबाला वळसा घालते तेव्हा पुढे पळणारीचा धीर सुटतो.

इथल्या एका कॉलेजने तिला अर्धी फी माफ असं लेखी दिलं आहे. तू तुमच्या संस्थेच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष, म्हणून तुला विचारते. तुमच्याकडे खेळाडूंना पूर्ण सवलत आहे म्हणतात, ती नेमकी कशाची? वसतिगृह आणि मेस त्यात येते का? एका वर्षाची की तिन्ही वर्षांची? पाय मुरगळला तर काय? पार्बताबाई म्हणते, बाई, तुमी म्हणान तिथं पाठवतो, आमाले कागद समजत नाई. म्हणून निदान मला तरी नीट समजायला हवं.

मंजुषाचा गुडघा कसा आहे? तुझ्या नातीला, स्वरालीला, बारावीत बरे गुण पडले, तिची पाठ थोपट. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
गोदावरीताई

अकोला, २६ जून २०२४

ती. ताईस, कमलाकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र म्हणजे चाचणी परीक्षाच. मंजुषा म्हणाली, समास सोडून उत्तरं लिहा, नाहीतर ताई गुण कापतील.

शिकवणी, परीक्षा, वसतिगृह, मेस, सगळं माफ. तिन्ही वर्षं. पाय मुरगळला तरी माफी जात नाही. अट एकच. विद्यापीठाच्या स्पर्धेला आमचा जो संघ जातो, त्या पंधरा जणींच्या यादीत दर वर्षी नाव पाहिजे. नऊ खेळतात, सहा बसतात, सवलत पंधराही जणींना. आणि यादी माझ्या सहीनेच जाते, मग काळजी कसली? अमरावतीची जागा खुशाल सोडायला सांग. फक्त मुलीला एक बजाव, कार्यालयातून देतील त्या कागदावर सही करायची, उगाच प्रश्न विचारत बसायचं नाही. आमचे बाबू वैतागतात.

स्वरालीही आमच्याच कॉलेजात येते आहे. तिला खेळाचा गंध नाही, जिना चढली तरी दम लागतो. मुलांवर माया असू दे.

तुझा,
कमलाकांत

अमरावती, ३ ऑक्टोबर २०२४

कमलाकांत,

आशीर्वाद लिहायचे राहून गेलेले नाहीत. लिहिले नाहीत.

सोमवारी पार्बताबाई आली होती. टोपली उतरवली नाही, पायरीवर उभीच राहिली. तिने सांगितलं ते असं. हर्षा अडीच महिने रोज पहाटे तुमच्या मैदानावर सराव करत होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला कळलं की यादीत तिचं नाव नाही. आता वसतिगृहाच्या बाईंनी बजावलं आहे, यादीत नाव नाही तर सवलत नाही, दिवाळीच्या सुट्टीआधी पैसे भर नाहीतर खोली सोड. कार्यालयात विचारलं तर तिच्याच सहीचा कागद दाखवला. घरगुती कारणामुळे मी संघातून माघार घेत आहे, असं त्यावर छापलेलं. तिला तो सवलतीचा अर्ज म्हणून दिला होता.

तिने वाचला नाही, कारण वाचू नकोस असं मी सांगितलं होतं. वर्गात आयुष्यभर प्रश्न दोनदा वाचा म्हणणारी मी, तुझ्या शब्दावर तिला सांगून बसले, भाऊ माझा आहे, देतील त्यावर सही कर. पार्बताबाई मला एवढंच म्हणाली, तुमी तं शिकेल आहा ना, बाई.

मी यादी मागवून पाहिली. हर्षाच्या जागी स्वराली. तुमचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तेव्हा ती बाकावर बसून मोबाईल बघत होती म्हणे. काय झालं ते मला लेखी कळव.

गोदावरी

अकोला, ८ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, नमस्कार.

वि. वि. तू परक्यासारखं लिहिलंस, वाईट वाटलं. स्वरालीच्या बापाने धोशा लावला होता. पुढे नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात, त्याला हे प्रमाणपत्र लागतं. शेवटची दोन-तीन नावं अशीच भरायची पद्धत सगळीकडे आहे. या वर्षी एक जागा कमी पडली. दुसरी कुणी काढली असती तर तिचे पालक संस्थेवर धावून आले असते. हर्षा आपल्यातली, तू समजून घेशील आणि त्यांनाही समजावशील असं वाटलं. पुढच्या वर्षी तिचं नाव पहिलं घालतो.

आणि ताई, रागावणार नसशील तर एक आठवण देतो. १९७८ साली बाबांनी कॉलेजच्या खो-खो संघात तुझं नाव घातलं होतं. खेळाडूचे दहा गुण तू घेतलेसच ना? तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. घरातलं घरात राहू दे.

तुझा,
कमलाकांत

अमरावती, १८ ऑक्टोबर २०२४

कमलाकांत,

तू लिहिलंस ते खरं आहे. मी एक दिवसही मैदानावर गेले नव्हते. दहा गुणांनी दुसरा वर्ग मिळाला, दुसऱ्या वर्गावर बी.एड.ला प्रवेश, आणि मग चौतीस वर्षं मी पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगत राहिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसने तिवस्याला गेले. हर्षा घरी आली होती, न विकलेला झेंडू पोत्यांतून काढून उन्हात पसरत होती. तिघांसमोर मी तुझं सांगितलं आणि माझंही सांगितलं. पार्बताबाई म्हणाली, जाऊ द्या बाई, चहा घ्या. हर्षाने तेवढं विचारलं, मॅडम, तुमच्यापायी तवा कोन बाहेर बसली होती? सेहेचाळीस वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं.

सोमवारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तक्रार दिली. पहिल्या परिच्छेदात माझं नाव आणि १९७८ साल आहे, दुसऱ्यात तू. म्हणजे ती आठवण तुला तिथे द्यावी लागणार नाही. माघारीचा कागद रद्द करावा आणि हर्षाची सवलत चालू ठेवावी, एवढं मागितलं आहे. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. निकालापर्यंत खोली काढून घेऊ नये, असं पत्र त्यांनी वसतिगृहाला दिलं आहे. ते घेऊन काल मी हर्षाला अकोल्यात सोडून आले. तुझ्या घरावरूनच रिक्षा गेली.

सुनावणी चोवीस तारखेला अकरा वाजता आहे. स्वरालीला घेऊन ये. घरातलं घरात ठेवायचं असेल तर पोरीला घरूनच शिकवून आण, की तिथे खरं बोलायचं.

लोभाचं त्या दिवशी बघू.

गोदावरी