सील तोडलं तेव्हाचा फोटो

१२ मार्च
प्रोजेक्टचे रिपोर्ट लिहिणाऱ्या सायलीनं "हस ना जरा" म्हणत माझा फोटो काढला, तिथंच सगळं फिरलं. मला कळलं आज.
हातात स्क्रूड्रायव्हर, मागे जेट्टीवरच्या सोलर कोल्डरूमची उघडी कंट्रोल पेटी, तुटलेलं सील. महिनाभर तो फोटो माझ्या वॉलपेपरला होता. आज ऑफिसच्या मेलला तोच जोडलाय. 'पुरावा क्र. १'. मी कामावरून बंद.

१३ मार्च
सील तोडलं, हो! मशीन परदेशातून, निधी तिकडचाच. डिझेलचा धूर बंद व्हावा म्हणून. बोर्डावर मोठ्ठं लिहिलंय, 'तंत्रज्ञान गावाच्या हाती'. आणि एरर आला की पेटी उघडणार फक्त त्यांचा इंजिनिअर. तो तीन आठवड्यांनी. तोवर मासळी थांबते काय? जनरेटर परत काढायची वेळ आलेली. मी पंधरा मिनिटांत चालू केलं. कोळणींच्या गटाच्या तारामावशींनी पेटीला हळदकुंकू लावलं, मला पापलेट दिलं. सायली म्हणाली, "भारी आहेस तू."
'प्रोजेक्टला तुझ्यासारखाच पाहिजे' हेही तिचंच. त्यावर सेकंड इयर सोडलं. पप्पा अजून नीट बोलत नाहीत. गाढव मी.

१५ मार्च
ऐरोलीला तिच्या बिल्डिंगखाली जाऊन ओरडलो. वॉचमन आला.
ती म्हणाली, "मी खरं तेच लिहिलं. लपवलं असतं तर पुढच्या गावांचा निधी अडकला असता."
"आणि 'हस ना'?"
ती वॉचमनकडे वळली, "काही नाही, जातोय हा." म्हणजे तेव्हाच ठरवून... जाऊ दे.

१८ मार्च
मशीन परत बंद. इंजिनिअरचा पत्ता नाही. तारामावशींचा फोन.
"पोरा, कोलंबी परलीय आत. तू रुसलास त आमी काय करू?"
"मावशी, मला हात लावायची बंदी आहे."
"ता कोलंबीला सांग."

१९ मार्च
गेलो. सायली आधीच आत, फोन हातात. पेटीला नवं सील. तिच्यादेखत तोडलं. तारामावशींना जवळ घेतलं, एकदा दाखवलं, मग त्यांच्याच हातानं करून घेतलं. बोटाला कोलंबीचा वास, पण चुकल्या नाहीत. कॉम्प्रेसर घुमला.
"काढ फोटो," सायलीला म्हटलं. "आज हसत नाहीये."
तिनं फोन वर केला. काढला की नाही, बघितलं नाही. बाहेर आलो, दार ओढून घट्ट लावलं. उघडं ठेवलं की गारवा जातो, हे सगळ्यांना मीच ओरडून शिकवलंय.