शेडमधली ऊब आणि हेरिंगचं लोणचं

७ जानेवारी. उणे चौदा.
आजपासून मिओचं अभ्यासाचं टेबल. नात एप्रिलमध्ये पहिलीत जाणार, त्याआधी टेबल हवंच. अंगणातल्या शेडमध्ये सरस गोठतो. निर्धार: आधी शेड गरम, मग काम. शेजारचा कुराओका म्हणाला, धुराडं असलेला स्टोव्ह बसव आणि खिडकी बोटभर उघडी ठेव. असाहिकावासारख्या बर्फाळ शहरात जन्मलेला माणूस जानेवारीत खिडकी उघडी ठेवायला सांगतो.

९ जानेवारी.
माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह काढला. धुराडं नाही, कटकट नाही. दाराच्या फटींना टेप, खिडकीवर फळी स्क्रूने पक्की. वडील दर डिसेंबरला फटी बुजवायचे, नव्वद वर्षं जगले. त्यांच्या स्टोव्हला धुराडं होतं, असं कुराओका म्हणाला. त्याला शेवटचा शब्द लागतोच. शेडमध्ये बावीस डिग्री. बनियनवर बसून आईस्क्रीम खाल्लं.

१२ जानेवारी.
विषारी वायू साचला की ओरडणारी डबी बायकोने, तोकिएने, आणून टांगली. पाऊण तासात किंचाळायला लागली. तिने आणलेली वस्तू, स्वभाव तिचाच. सेल काढून डबी स्वयंपाकघरात परत. रंध्याला शांतता लागते.

१५ जानेवारी.
डोकं दुखतं. हिचं हेरिंग माशाचं लोणचं बाधलं. घरात आलं की थांबतं. म्हणजे शेडमध्ये गेल्यावर चढतं. निर्धार: लोणचं बंद.

१९ जानेवारी.
लोणचं बंद, डोकं चालूच. टेबलाचा एकच पाय तीनदा मोजला, तिन्ही मापं वेगळी. मोजायची टेप खराब असणार. ही म्हणाली, अहो, मिओला एकदा विचारून घेऊ का, टेबल हवंय की आजोबा? घरात वाद नको म्हणून मी शेडमध्ये गेलो.

२३ जानेवारी, सकाळी ११.
शेडच्या उबेने छपरावरचा बर्फ सुटला आणि दारासमोर कोसळला. दार बाहेर उघडतं. उघडत नाही. खिडकी मीच पक्की केलेली. चिंता नाही. स्टोव्ह आहे, काम आहे, हिने दिलेला डबा आहे.
११.४०. पाचच मिनिटं पडतो.
११.४५. डबा किंचाळतोय.

२४ जानेवारी. घरात.
डब्याच्या फडक्यात हिने ती डबी बांधली होती, नवे सेल घालून. स्टोव्ह विझवला. स्क्रू काढायला हात चालेनात, म्हणून मिओच्या टेबलाचा पाय घेऊन फळीसकट खिडकी फोडली. तोंड बाहेर काढून बसलो. समोर कुराओका आणि ही दारातला बर्फ उपसत होते. ही रडत होती आणि फावडं मारत मला शिव्या देत होती. चाळीस वर्षांत हिला असं पाहिलं नव्हतं. घाबरलो.

२६ जानेवारी.
टेबल बैठकीत आणलं. तीन पायांचं. भुसा चटईभर झाला, तरी हिने वर चहा आणून दिला. डोकं दुखत नाही. लोणचं तीनदा मागून घेतलं. म्हणजे दोष लोणच्यात नव्हता. लाकडात असावा, चौकशी करायला हवी.
डबी उशाशी ठेवली आहे. सेलसकट.