दिवसभर एकच पेशंट

तीर्थस्वरूप मोठ्या काकांना धाकट्या पुतणीचा वाकून (कमरेत उसण भरली आहे, तरी वाकूनच) नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे मजेत, आणि मी तर इतकी मजेत आहे की ऑफिसात हसू आवरत नाही. तुम्ही दर भेटीत विचारता, बाई गं, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून तू करतेस तरी काय? तर आज सविस्तर सांगते. चहा घेऊन बसा.

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवरून लोक दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतात. डॉक्टर म्हणाल तर सध्या एकच, तोही नवाकोरा, महिनाभर बघू म्हणून आलेला. तो टिकला तर कंपनी टिकेल आणि मी नोकरीत कायम होईन, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. माझं काम काय, तर वेबसाइट चालू आहे की झोपली आहे, हे आपोआप तपासणारी टेस्ट लिहायची. मी लिहिली. ती दर थोड्या वेळाने वेबसाइटला विचारायची, आहेस का? वेबसाइट म्हणायची, आहे. की लागलाच माझ्या पडद्यावर हिरवा दिवा! मला आभाळ ठेंगणं झालं. पण साहेब पडले खवचट. म्हणाले, "आहे म्हणून काय झालं? मीही घरी असतोच. आमच्या हिला विचारा, काही कामाला येतो का ते."

म्हणून दुसरी टेस्ट लिहायला घेतली. हिने दर थोड्या वेळाने खऱ्या पेशंटसारखं जाऊन डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि लगेच रद्द करायची. शुक्रवारी वेळ घेण्याचा भाग जमला, हिरवा दिवा लागला, आणि आनंदाच्या भरात, रद्द करायचं सोमवारी लिहू म्हणून, टेस्ट चालूच ठेवून मी घरी गेले. (हसू नका. तुम्ही गॅसवर दूध ठेवून पत्ते कुटायला गेला होतात.)

सोमवारी येते तो काय, डॉक्टरचा अख्खा आठवडा भरलेला, आणि जिकडेतिकडे एकच पेशंट! बिचाऱ्याने नावं न वाचताच शेजारच्या शिंप्याकडून बाक मागून आणलं, मदतीला बहिणीला बोलावलं आणि नवा शर्ट चढवून दारात उभा राहिला. कुणी फिरकेना. मी घाईघाईने सगळ्या नोंदी पुसल्या आणि दुपारी रडवेल्या तोंडाने माफी मागायला गेले. बघते तर बाकावर बसायला जागा नाही! झालं असं, की दोन दिवस लोकांना हा डॉक्टर 'पूर्ण भरलेला' दिसत होता. माणसाचं कसं असतं बघा, रिकाम्या डॉक्टरकडे कुणी जात नाही; जिथे वेळ मिळत नाही तिथे जायला सगळ्यांचे दात दुखतात. वेळा मोकळ्या झाल्याबरोबर झुंबड उडाली. तरी मी खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टर पोट धरधरून हसला. म्हणाला, वर्षाचा करार करतो, पण एका अटीवर. अट खाली लिहिते. आधी तुम्ही चहा संपवा.

तुमची लाडकी (अजून असले तर) पुतणी

ता.क. टेस्टमधल्या पेशंटला चालू फोन नंबर लागतो. मी तुमचं नाव आणि तुमचा नंबर दिला होता. 'आपली वेळ नक्की झाली आहे' असे जे मेसेज तुम्हाला धो धो आले, ती फसवणूक नव्हे. पोलिसांकडे निघाला असाल तर परत फिरा.

ता.क. २ डॉक्टरची अट अशी, की जो माणूस इतक्या वेळा येणार होता तो निदान एकदा खुर्चीत बसला पाहिजे. मगच सही. दाताच्या डॉक्टरला तुम्ही किती घाबरता ते मला ठाऊक आहे (सगळ्या घराला ठाऊक आहे), पण काका, माझी नोकरी तुमच्या दाढेत अडकली आहे हो! गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे. या ना.

ता.क. ३ काकूला फोनवर सगळं सांगितलं आहे. तीही येते आहे. म्हणाली, यांचं तोंड उघडं आहे आणि तरी आवाज नाही, हे लग्नापासून एकदाही बघायला मिळालेलं नाही. मला अगदी समोरची खुर्ची ठेव.