सदतीस सह्यांचा अर्ज

रिसोड
२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

गफ्फारभाई यास,

उत्तमचा सलाम. तू, नसीमभाभी, मोईन, सारे खुशाल असाल. आमी इथं बरे आहो. मेथी चांगली निंगाली, भाव नाही, म्हणजे नेहमीचंच. तू रिसोड सोडून वाशीमले पोराकडे गेला त्याले तीन वर्षं झाली, अन् मी एक चिठ्ठी लिहिली नाही. फोन करता आला असता, पण तू मधात बोलला असता अन् मी थांबलो असतो.

माह्या कानात दिवसभर घूं-घूं चालू राह्यते. डॉक्टर म्हणे, हे जात नाही, याच्यासंगं राहाले शिका. म्हणून दर बुधवारी वाशीमच्या एका दवाखान्यात, वरच्या हॉलमधी, आमाले गोल बसवतात. आमी नऊ जण अन् शिकवाले रुचिका मॅडम. माह्या पोरीएवढी आहे, अन् सांगते का आवाजाशी भांडू नका, त्याले घरातल्या म्हाताऱ्यासारखं बडबडू द्या, तुमी आपलं काम करा. तुळसाबाईच्या कानात रातकिडे आहेत. रतनसिंगच्या कानात शिटी. तो दहा वर्षं थ्रेशरवर होता. मॅडम श्वास मोजाले लावते. वहीत लिहाले लावते, आवाज आला तवा मनात काय आलं, अन् ते खरं होतं का. मी आठ आठवडे वही कोरी नेली. मॅडम रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

हो, आठ आठवडे. मोईनच्या दुकानापासून दहा मिनिटांच्या वाटेवर येतो अन् तोंड लपवून रिसोडची बस पकडतो. काहून, ते आता ऐक.

काल मॅडमनं विचारलं, पहिल्यांदा आवाज आला तवा तुमाले काय वाटलं? माही पाळी आली. मी म्हनलं, शेजारच्या गफ्फारची गिरणी आहे असं वाटलं.

तू सहाले गिरणी बंद करायचा अन् मले आठलेही ऐकू यायची. मी समजलो, तू दार लावून मिरच्या दळून राह्यला. तुले विचारलं नाही. चाळीस वर्षांची दोस्ती, मधात एक भिंत, अन् मी सरळ नगरपरिषदेच्या हापिसात तुह्या गिरणीविरुद्ध अर्ज टाकला. हो, मीच टाकला. तू समजला का मागच्या गल्लीतल्या देवमननं टाकला. त्याच्याशी बोलणं तोडलं, अन् मी तुले तोडू दिलं.

सह्या घ्याले फिरलो तर दोन तासांत सदतीस झाल्या. आवाज किती येते, एकानंही विचारलं नाही. तुहं नाव वाचलं अन् पेन मागितला. ते लोक कायले सही करून राह्यले, मले समजलं होतं, गफ्फार. समजूनही मले त्या सह्या कामाच्या वाटल्या.

गिरणीले सील लागलं तवा मी तुह्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. अन् त्याच सांजेले, दाराले कुलूप असताना, घूं-घूं तशीच. उलट जोरात. मी भिंतीले कान लावून पाहिला. भिंतीत काहीच नव्हतं. तवाच जाऊन सांगितलं असतं का चूक माही आहे, तर तू गाव सोडलं नसतं. लोक हसतील म्हणून चूप बसलो.

कालच मॅडम म्हणे, एकदम शांत खोलीत राहू नका, जवळ एकसारखा आवाज चालू ठेवा, त्यात तुमचा बुडते. मोबाइलवर लावून दाखवला. मी म्हनलं, बाई, असा आवाज माह्या भिंतीपलीकडं बारा वर्षं होता, मीच बंद केला.

आज नवा अर्ज घेऊन हापिसात गेलो, का तक्रार खोटी होती, सील काढा. बाबू म्हणे, एकट्यानं नाही होत काका, तितक्याच सह्या आणा. दिवसभर त्याच घरोघरी फिरलो. देवमननं केली. बाकीचे म्हणतात, काहून उगा? आता कसं शांत वाटते.

माफी मागत नाही. तू देऊन टाकशील, तुहा स्वभाव मले माहीत आहे, अन् मंग मी सुटून जाईन. मले सुटाचं नाही. देवमनशी मात्र बोल.

अर्जावरची पहिली सही करणारा,
उत्तम