भिंतीवरची ताईची जागा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी नऊ चाळीस.

हीच ती वेळ. लिहून ठेवते, उद्या कोणी कानांवर हात ठेवायला नको. चर्चच्या डाव्या भिंतीलगतच्या बाकावरून आज माझ्या थोरल्या बहिणीला दंडाला धरून उठवलं. ऐंशीला टेकलेल्या बाईला! आणि वर — "ह्यांना आत कोणी सोडलं? सगळा कचरा आला ना स्कॅनमध्ये!"

कचरा!

बोलणारा कोण, तर चर्चच्या आत टोपी घालून हिंडणारा एक तज्ज्ञ. ही मंडळी गेला आठवडाभर आहेत. डावी भिंत बाहेर कलते आहे, ती का आणि कधीपासून, ते शोधायला. तिपाईवर एक यंत्र बसवतात. ते स्वतःभोवती फिरतं आणि समोर जे येईल त्यावर लेझरचे ठिपके टाकून मापं घेतं. कोट्यवधी ठिपके, म्हणे. त्यातून संगणकात अख्खी इमारत उभी राहते. राहू दे. माझं काही म्हणणं नाही.

पण यंत्र चालू असताना आत कोणी नको, म्हणून हे सगळे बाहेर चहा ढोसत उभे. मुख्य दारावर पाटी. ताई नेहमी बाजूच्या दारानं जाते, तिथे पाटी नाही. मग चूक कोणाची? चोराच्या उलट्या बोंबा.

मी औषधं घेऊन तिला न्यायला पोचले तेव्हा हे चाललेलं. ताईला कमी ऐकू येतं. ती हसून मान हलवत होती. तिला वाटलं, चौकशी करताहेत.

बुधवार, ५ मार्च

पत्र दिलं. तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली आहेत. कुठे बोट ठेवलं की समोरचा कळवळतो, मला ठाऊक आहे.

मागण्या दोन. एक, लेखी माफी. दोन — "माझ्या बहिणीला न विचारता तिचं जे काही माप आपल्या यंत्रानं घेतलं असेल, ते मुळापासून नष्ट करावं. तिचा एक ठिपकाही कुठे राहता कामा नये."

वाक्य चांगलं साधलं. दोनदा मोठ्यानं वाचलं.

टोपीवाला म्हणतो, "आजी, एवढं कशाला मनावर घेता?" मी म्हटलं, "मी कोणाची आजी? लग्नच केलं नाही मी. पोच द्या."

शुक्रवार, ७ मार्च

उत्तर नाही. ताईला पत्र वाचून दाखवलं, कानाशी ओरडून.

"कशाला गं त्रास देतेस त्यांना?"

"तुला कचरा म्हणाला तो!"

"म्हणेना का. मी काय ऐकलं थोडंच!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "बिचारं यंत्र. एकटंच गोल गोल फिरत होतं. मी आपली बसले सोबतीला."

हिच्यापुढे डोकं आपटून काय उपयोग!

शनिवार, १५ मार्च

ताई गेली.

सकाळी चहाला हाक मारली. मग आठवलं, तिला कुठे ऐकू येतं. म्हणून हात लावायला गेले.

मंगळवार, १८ मार्च

मोठ्यानं बोलायची सवय. घरात आता कोणी बहिरं नाही, तरी ओरडतेच आहे. "दार लोटून घे गं!"

सोमवार, २४ मार्च

ताईची बसायची उशी चर्चमध्येच राहिली होती, ती आणायला गेले. मागच्या खोलीत त्यांचा संगणक मांडलेला. त्यावर काम करणारी बाई एकटीच होती. चाळिशीची असेल, कायम सर्दी, गळ्याला मफलर. मला बघून उठून उभी राहिली. कोणीतरी शिकवलंय हिला.

"मावशी, कळलं मला. फार वाईट झालं." मग म्हणाली, "तुमच्या पत्राप्रमाणे सगळं काढलंय बरं का. त्याच आठवड्यात. उत्तर द्यायचं राहिलं, सरांनी टाळलं."

मी म्हटलं, "चांगलं केलंत." आणि निघाले. दारापर्यंत गेले. परत आले.

"काय काढलंत?"

"त्यांना."

म्हणजे कसं, ते तिनं सांगितलं. माणूस चालत गेला की यंत्राला नुसता फराटा दिसतो, धुरासारखा. त्यालाच ही मंडळी कचरा म्हणतात. बसलेली माणसंही चुळबुळतात, त्यांचं डोकं दोनदा येतं, हात चार येतात. "पण ह्या जराही हलल्या नव्हत्या हो. इतकं स्वच्छ माणूस मी कधी पाहिलं नाही. केसांची जाळी दिसत होती. चपलेचा पट्टा दिसत होता."

दिसणारच. शाळेत सिस्टर आमच्या डोक्यावर लाकडी पट्टी ठेवून बसवायच्या. ताईची कधी पडली नाही. माझी पहिल्या मिनिटात. रोज!

"परत आणता येईल?"

तिनं मफलर सारखा केला. "मूळ फाइलमधूनच काढलं मावशी. तुम्ही मुळापासून लिहिलं होतंत."

लिहिलं होतं. दोनदा मोठ्यानं वाचलंही होतं.

बसायला खुर्ची दिली तिनं. पाणी दिलं. मग म्हणाली, "एक दाखवू?"

पडद्यावर आमचं चर्च. करड्या ठिपक्यांचं, जणू धुक्यानं बांधलेलं. ती ते फिरवत डाव्या भिंतीपाशी आली. तिथे ठिपकेच नव्हते. काळं. यंत्राला सरळ रेषेतलंच दिसतं, ताईच्या आडची भिंत त्याला दिसलीच नाही. खांबामुळे तो कोपरा दुसऱ्या कुठल्या जागेवरून दिसतही नाही. ताईला पुसलं, पण तिनं अडवलेली भिंत कुठून आणणार?

डोकं. अंबाडा. थोडा पुढे आलेला खांदा. सावली पडते तसं, मापानं जरा मोठं. आणि शेवटी पंजा. ऐकू येईनासं झालं तेव्हापासून ताई भिंतीला तळहात लावून बसायची, ऑर्गनची थरथर हाताला कळते म्हणून. त्या दिवशी ऑर्गन वाजत नव्हता. सवय.

पंजा मात्र अगदी तिच्या मापाचा. तो भिंतीला टेकलेला होता ना, म्हणून.

मी पडद्यावर हात ठेवला. काच गरम होती. ती बाई शिंकली.

उशी तिथेच विसरले.

बुधवार, २६ मार्च

टोपीवाल्याला गाठलं. आज टोपी हातात होती, तेवढं तरी वळण लागलं.

"ती जागा आहे तशी ठेवा."

"अहो बाई, कसं शक्य आहे? भिंत कलतेय तीच नेमकी तिथे. भोक असलेली मापं घेऊन मी अभ्यास काय करू? सोमवारपासून भिंतीला लाकडी परांची बांधणार, मग काही दिसायचं नाही. शनिवारी दुपारी तेवढा कोपरा परत स्कॅन करून भरून टाकतो."

"अभ्यासासाठी हवा तेवढा भरा. पण एक प्रत न भरता ठेवा."

"अशा प्रती ठेवत बसलो तर झालंच! आणि आधी तुम्हीच म्हणालात ना, एक ठिपकाही नको?"

"मग ठिपका कुठे मागतेय मी? जिथे ठिपका नाही तेवढंच मागतेय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बघू," म्हणाला.

बघू! तीस वर्षं मीच लोकांना "बघू" म्हणून घरी पाठवलं. त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

गुरुवार, २७ मार्च

दुपारी ताईच्या बाकावर जाऊन बसले. तिचीच उशी. तळहात भिंतीला. भिंत गार. डोक्यावर घरातली लाकडी पट्टी ठेवली. फादर दारातून डोकावले आणि काही न विचारता गेले, शहाणे आहेत.

पडली नाही. उठेपर्यंत पडली नाही.

येताना पत्र दिलं, पोच घेतली. नक्कल —

"डाव्या भिंतीवरची मोकळी जागा जशी आहे तशी एका प्रतीत कायम ठेवावी. तसं लेखी उत्तर शनिवार, २९ मार्च, दुपारी बाराच्या आत मिळावं. न मिळाल्यास आपण यंत्र लावाल तेव्हा मी त्या बाकावर बसलेली असेन. माझ्यामागची भिंत आपल्या यंत्राला दिसणार नाही. मी हलणार नाही."