चौदा नंबरची नळी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून अर्धाच). तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही आपापल्या जागी असतील. मी ठणठणीत आहे, काळजी नसावी.

‘तू त्या लॅबमध्ये दिवसभर करतेस तरी काय?’ असं तू बावीस वर्षं विचारतेयस. ऐक एकदाचं. स्तनाच्या गाठींचे तुकडे आमच्याकडे येतात; नाव नाही, नुसता नंबर. पेशींना ‘वाढा’ म्हणून हुकूम सोडणारी जनुकं असतात, तशी ‘पुरे’ म्हणून दटावणारीही असतात. (आपल्या घरात ‘पुरे’चं खातं तुझ्याकडे होतं. चहात दुसरा चमचा साखर घालू दिलीस कधी?) कुणाचा आवाज चढलाय, कुणाचा बसलाय, ते आम्ही मोजतो. कॅन्सरच्या गाठीत दटावणारी बरीचशी गप्प झालेली असतात. पण ताडून बघायला निरोगी बायकांचे नमुनेही लागतात, आणि खरी रड तिथेच. धडधाकट बाई छातीत सुई टोचून घ्यायला कशाला येतेय? मोठ्या साहेबांनी जिन्यात चिठ्ठ्या लावल्या, हातापाया पडले, तेव्हा कुठे चौदा नमुने जमले.

त्यातल्या चौदाव्यानं घात केला. आलेखावर तेरा शहाण्यासारखे एका बाजूला, आणि हा जाऊन बसला गाठींच्या घोळक्यात! साहेबांनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्यानं केली. म्हणे, नळ्यांची अदलाबदल केलीत, चष्मा बदला. अगं, मी! जिनं आजवर एक नळी इकडची तिकडे केली नाही! मुकाट्यानं पुन्हा मोजलं, तेच. मशीन बदलून मोजलं, तेच. साहेबांची लाडकी विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘मावशी, आता आराम करा.’’ (हिला पिपेट धरायला शिकवलं कुणी? मीच. भोगा.) शेवटी साहेबांनी ‘नमुना सदोष’ असा शेरा मारून चौदा नंबर काढूनच टाकला. आलेख आता इतका देखणा झालाय की ते त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. नळीतलं कुणाचं होतं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. – बाहेरच्या बायका तेराच आल्या होत्या. साहेब म्हणाले, ‘‘आपल्यात कोण धडधाकट आहे?’’ आणि सगळ्यांआधी हात वर करायची माझी खोड तुला ठाऊक आहे. नंबर मीच चिकटवला होता.

आणखी एक – सोमवारी दहाला डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. तू ये. आईच्या वेळी उशीर कुणामुळे झाला, यावर आपण दोन वर्षं भांडलो. या वेळी नको. तुझीही तपासणी करून घेऊ, दोघींची आई एकच होती. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य मात्र घरी ठेवून ये.

शेवटचं – वर ‘ठणठणीत’ लिहिलंय, ते खोडलेलं नाही. सुई टोचायच्या आधी फॉर्मवरही मी तेच लिहून सही केली होती. ताई, फार भीती वाटतेय गं.