आईनं घासलेला हाफ सेंट

दोहा, १६ एप्रिल २००४

प्रिय अलेक्स,

ईस्टर छान झाला. मिस्साला एवढी गर्दी की मेरी आणि आई दारातच उभ्या राहिल्या. इथल्या ओव्हनला नावं ठेवत आईनं केक केला आणि तो मेरीच्या केकपेक्षा सरस झाला. हे पत्र मेरी वाचणार नाही, म्हणून लिहितोय. आंद्रिया आजीशी इंग्रजीत बोलते, आजी मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं मस्त जमतं.

परवा सूक वाकिफच्या बाजारात गेलो होतो. जुनी नाणी विकणारा कमाल अजून तुझी चौकशी करतो. त्याच्याकडे पहिला अमेरिकी तांब्याचा सेंट मिळाला आणि आपल्याला वेड लागलं ते लागलंच. मग लिलावाचे कॅटलॉग मागवणं, शुक्रवारी भिंग घेऊन बसणं आणि शेवटी ते दोन १८४२चे प्रूफ हाफ सेंट, चलनासाठी नाही तर खास आरशासारखे पाडलेले. मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतली फळं मोठी असली तर अस्सल, बारीक असली तर रिस्ट्राइक, म्हणजे टांकसाळीनं मागाहून पाडलेलं. तुझ्या नाण्याची फळं मोठी, माझ्याची बारीक. त्यावरून तू मला काय छळलंस! नोकरी सुटून वसईला परतताना तू तुझं नाणं माझ्याकडेच ठेवलंस. आपल्या दमट हवेत तांबं हिरवं पडतं, इथं एसीत सुखरूप राहील म्हणालास.

कसलं सुखरूप! सणाआधी तांब्यापितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासायची ही आईची जन्माची सवय, आणि माझ्या घरात सगळं स्टील. तिचे हात शिवशिवत असणार. कपाटात तिला दोन काळपट नाणी दिसली. मी ऑफिसातून आलो तेव्हा तुझं नाणं ओट्यावर नव्या तांब्यासारखं चमकत होतं आणि ती माझं उचलत होती. दीडशे वर्षांत चढलेली छटा खलास, घासलेल्या नाण्याला कोण विचारतो! मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. पण आईनं माझा चेहरा पाहिला होता. ईस्टर झाल्यावर दोन्हींतलं एक अलेक्सचं, असं मेरीच्या तोंडून निघून गेलं, तेव्हापासून आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. पाण्याचा ग्लास घ्यायलाही मेरीला विचारते. नीट जेवतसुद्धा नाही.

तिला मी सांगितलंय की घासलं ते माझं, मागाहून पाडलेलं, त्याचं काही विशेष नाही; मोठ्या फळांचं, अलेक्सचं, शाबूत आहे. रिस्ट्राइकही दुर्मिळच असतं हे तुला-मला ठाऊक, तिला नको. फोन करावा तर ती शेजारीच बसलेली असते. आमचा ड्रायव्हर शहाजी उद्या सुट्टीवर निघालाय, तो हे मुंबईत पोस्टात टाकेल. पुढच्या शुक्रवारी आई तुझ्याकडे येईल आणि रुमालात बांधलेलं एक नाणं तुझ्या हातात ठेवेल. ते माझं आहे, आता तुझं. तुझं नुकसान त्यानं भरून निघत नाही, जाणतो. पण ती समोर उभी असेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा घाई करू नकोस. भिंग काढ, उजेडात जा, नीट बघ आणि फळं मोठी आहेत म्हण.

तुझाच दादा,
चार्ल्स